सिस्टरांचा चाकू

सिस्टरांच्या चाकूचं पार्सल आलं तेव्हा मी ओटीवर दाढी करत बसलो होतो आणि बायको आत कोकमं फोडत होती. फाटकाशी कुरियरवाला उभा राहून माझं नाव वाचत होता आणि ओटीपी मागत होता. मी काही मागवलं नव्हतं. बायकोने मागवलं असतं तर मला ते येण्याआधीच चारदा ऐकायला मिळालं असतं. "आमचं नाही हो ते," असं मी साबणातून म्हणणार, एवढ्यात चिऱ्याच्या गडग्यापलीकडून सिस्टरांचं डोकं वर आलं आणि त्यांनी ओटीपीचे सगळे आकडे खणखणीत आवाजात म्हणून दाखवले. मग आवाज एकदम खाली आणून मला म्हणाल्या, "माझं आहे. आत ने. मंदा गेली की येते. आणि हलवू नकोस उगाच."

"आहे काय यात?"

"दाढी पुरी कर आधी. ध्यान दिसतोयस."

सिस्टर आमच्या शेजारी. माळनाक्याच्या मागच्या आमच्या आळीत त्यांना सिस्टर सोडून दुसरं नाव नव्हतं. त्यांचं नाव सुलोचना होतं हे मला त्या गेल्यावर वर्तमानपत्रातल्या चार ओळींत कळलं, आणि क्षणभर वाटलं, ही कोण बाई गेली? नोकरीची सगळी वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. अंगाने काटकुळ्या, अंबाडा घट्ट, साडी घोट्याच्या बरीच वर. चालताना दोन्ही हात कोपरात दुमडून छातीपुढे धरायच्या, कशालाही न लावता. हातमोजे चढवलेल्या माणसाची ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. मासळीबाजारात त्या तशाच चालायच्या आणि कोळिणी त्यांना वाट करून द्यायच्या. यजमान फार लवकर गेले. मुलगी वृंदा एकटीने वाढवली, डॉक्टर केली. ती पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. कुणी लेकीचं कौतुक केलं की सिस्टर म्हणायच्या, "भूल देते ती. कापायचं दुसऱ्यांनी, ही उशाशी बसून राहते." त्यात अभिमान किती आणि तक्रार किती, हे मला शेवटपर्यंत उलगडलं नाही.

कारण सिस्टरांचा जीव होता धारेवर. कुणाला दागिन्यांचा नाद असतो, कुणाला भजनाचा, सिस्टरांना सुऱ्या-चाकूंचा. पर्समध्ये पैसे नसतील, चाकू असायचाच. लग्नात गाठ सुटेना, पूजेत नारळाची शेंडी निघेना, एसटीत कुणाच्या बोचक्याची सुतळी अडकली, की सिस्टरांची पर्स उघडलीच. आपल्या घरी त्या आल्या, की नवी फरशी, नवा सोफा, नवी सून यांच्याकडे नुसती नजर टाकून थेट स्वयंपाकघरात जायच्या. तिथली सुरी उचलायची, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवायची आणि घरमालकिणीकडे अशा दृष्टीने बघायचं, की त्या बाईने काल पोराला उपाशी ठेवलं असावं.

"बोथट सुरीला जोर लागतो गो. जोर लागला की हात घसरतो." हे त्या सगळ्यांना सांगायच्या.

पलीकडच्या घरातले आप्पा गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. माजघरात दहा-बारा माणसं मान खाली घालून बसलेली. काकूंनी दोन दिवस तोंडातून शब्द काढला नव्हता. सिस्टर थोडा वेळ बसल्या आणि "चहा टाकते" म्हणून आत गेल्या. चहा काही येईना. आतून मात्र घासल्याचा बारीक आवाज येत राहिला. जाऊन बघतो तर सिस्टरांनी चिनीमातीचा कप पालथा घातलेला आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर त्या घरातल्या सगळ्या सुऱ्या एकामागून एक ओढत होत्या. शेवटी चहा आला. काकूंच्या हातात कप देत सिस्टर म्हणाल्या, "सुऱ्यांची दशा झाली होती. आता बघून काप हो." काकूंना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या जे रडायला लागल्या ते मोकळ्या होईपर्यंत थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या घरात तिघांची बोटं बांधलेली होती. जन्मभर बोथट सुरीची सवय, त्याला सिस्टर तरी काय करणार?

एका बाबतीत मात्र आळीचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. आमच्याकडे सुरी हातातून हातात देत नाहीत. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. नाहीतर भांडण होतं. माझी बायको नीलिमा बी.एस्सी. आहे, पण हे ती मोडणार नाही. सिस्टरांचं उलट. त्यांनी मूठ पुढे करून सुरी समोरच्याच्या तळव्यावर अशी चापकन ठेवायची, की त्याने न बघता धरावी. पहिल्यांदा त्यांनी नीलिमाला तशी सुरी दिली तेव्हा ती दोन पावलं मागे सरली.

"सिस्टर, खाली ठेवा हो. भांडण होईल."

"जन्मभर सर्जनच्या हातात सुऱ्या दिल्या. सुरीवरून एकाशी भांडण झालं नाही. झाली ती कापसाच्या बोळ्यांच्या मोजणीवरून."

स्वच्छतेचं तर विचारूच नका. मे महिन्यात त्यांच्याकडे गेलं की आंबा मिळायचा. पण आधी सुरी स्पिरिटने पुसली जायची, मग आंबा पुसला जायचा, आणि आपल्या हातांकडेही त्या बाटली घेऊन असं बघायच्या की आपण आपणहून ते पुढे करावेत. त्यांच्या हापूसला मागून दवाखान्याची चव यायची. आम्ही कधी बोललो नाही.

अशा या बाईला एक दिवस अँजिओप्लास्टी करावी लागली आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. वृंदाने पुन्हा पुन्हा बजावलं होतं, आई, आता जपून, साधं कापलं तरी रक्त थांबायचं नाही. सिस्टर "मला सांगतेस?" म्हणाल्या. मग एका सकाळी शहाळ्याचं तोंड उडवताना अंगठ्याला लागलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपली आपण पट्टी बांधली, फरशी पुसली, हात धुवायला न्हाणीघरात गेल्या आणि तिथेच पडल्या. नीलिमा ताक द्यायला गेली म्हणून बरं झालं. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा पट्टी भिजून लाल झाली होती, पण इतकी सुबक होती की तिथल्या डॉक्टरने आधी तेच विचारलं, ही बांधली कुणी?

वृंदा पुण्याहून गाडी हाकत आली. आईच्या जिवाला धोका नाही हे कळेपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिली. कळल्यावर मात्र तिने घरातल्या सगळ्या सुऱ्या, सगळे चाकू, विळी, अडकित्ता, फणसाचा कोयता, एकूण एक धारेची वस्तू गोणपाटात बांधली आणि गाडीच्या डिकीत टाकली. घरात उरलं साल काढायचं एक सोलाणं. सिस्टर पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. हात छातीपुढे दुमडलेले. मला म्हणाल्या, "माहेरचं सोनं नेतात तशी सुऱ्या घेऊन चालली बघ."

भाजी चिरायला, वरकाम करायला मंदा येऊ लागली; विळी आपली आणायची आणि जाताना घेऊन जायची. मंदा भली बाई; पण ती कांदा चिरायची म्हणजे त्याच्यावर काहीतरी राग काढायची. सिस्टर शेजारी बसून बघत राहायच्या आणि दर फोडीला त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. निषेध म्हणून त्यांनी हापूस चोखून खायला सुरुवात केली. रत्नागिरीत राहून हापूस चोखायचा, तोही येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा पायरीवर बसून, कोपरापर्यंत रस ओघळू देत. कुणी थांबलं की सांगायच्या, "माझ्या हातात सुरी द्यायची नाही असा हुकूम आहे डॉक्टरीणबाईंचा." वृंदाच्या कानावर हे दोन घरांतून गेलं. ती बधली नाही. मायलेकी एकाच दगडाच्या.

तर अशा परिस्थितीत ते पार्सल आमच्या घरी आलं.

मंदा गेली आणि सिस्टर मागच्या दाराने आल्या. हात साबणाने धुतले. पलंगावर पांढरा टॉवेल अंथरला. मग खोका उघडला. आत काळं डबडं, डब्यात फोम, आणि फोममध्ये राखाडी रंगाचा मिटलेला चाकू. पावसाळ्यातल्या खाडीच्या पाण्याचा असतो तसा राखाडी. मला वाटलं, आता झडप घालतील. पण त्यांनी तो नुसता तळव्यावर ठेवला आणि डोळे मिटून बसल्या.

"हलका आहे," थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण पोकळ नाही. आणि हात लाव. गार लागतो का? नाही ना? स्टील असतं तर गार लागलं असतं. हा लगेच हाताचा होतो."

"मूठ कसली आहे?" मी विचारलं.

"टायटॅनियम." हा शब्द त्यांनी माहेरच्या माणसाचं नाव घ्यावं तसा घेतला. "तुझ्या नानाकाकांच्या खुब्यात काय बसवलंय?"

"काय?"

"हेच. माझ्या हाताने निर्जंतुक करून ट्रेमध्ये ठेवलं होतं. गंजत नाही, कुजत नाही, खाऱ्या वाऱ्याला भीक घालत नाही. नाना जातील, पण ते राहील."

नीलिमाने समोरची लाडवांची ताटली गुपचूप बाजूला सारली. मी त्या चाकूकडे बघत होतो आणि मला खुब्यासकट नाना दिसत होते.

हे सगळं ज्ञान त्यांनी मोबाइलवर मिळवलं होतं. कुठल्या कुठल्या देशांतले दाढीवाले पुरुष टेबलावर चाकू मांडून तासभर त्याबद्दल बोलतात, असे व्हिडिओ असतात म्हणे. सिस्टर दुपारभर ते बघायच्या. त्यांचं इंग्रजी धड कळायचं नाही, पण हात कळायचे. कोण उगाच मिरवतोय आणि कोण खरंच कापतो, हे त्या पहिल्या मिनिटात सांगायच्या.

तपासणी सुरू झाली. मुठीवरचे स्क्रू मोजून नखाने चाचपून झाले. पलीकडे एक क्लिप होती, खिशाला अडकवायची. "साडीला खिसा कुठे असतो हे त्या मेल्यांना कोण सांगणार?" म्हणत त्यांनी ती कमरेला निऱ्यांपाशी अडकवून बघितली, दोन पावलं चालल्या, आणि निऱ्याच सुटायला लागल्या तशी काढली. मग पात्यावरच्या बारक्या खुंटीला अंगठा लावून त्यांनी जराशी कळ दिली. टक्. पातं बाहेर येऊन ताठ उभं राहिलं.

"ऐकलंस?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

त्यांनी कुरियरची चिठ्ठी उभी धरून तिच्या शेवयांसारख्या पट्ट्या काढल्या. मग न्यायनिवाडा झाला. "कामाचा आहे. धार कंपनीची, घाईतली आहे, ती मी लावीन. टोक जरा नखरेल आहे. पातं इकडे-तिकडे हलत नाही, हे महत्त्वाचं. बनवणाऱ्याला लाज आहे."

एवढं झालं आणि चाकू मिटेना.

सिस्टरांचे आजवरचे चाकू साधे, पातं मागून दाबलं की मिटायचे. हा मुळी हलेचना. त्यांनी मागून दाबलं, खुंटी ढकलली, उलटा धरला, सुलटा धरला. मी पुढे झालो तर "तू लांब राहा" म्हणाल्या. मोबाइल काढून दाढीवाला लावला. "हा करून दाखवतो, पण मिटताना बोट कुठे ठेवतो ते नेमकं दिसत नाही." जन्मभर धारेशी ज्यांनी संसार केला त्या सिस्टर उघडा चाकू हातात धरून आमच्या पलंगावर बसून राहिल्या. जोर लावायची त्यांची तयारी नव्हती आणि खाली ठेवायचीही नव्हती.

त्यात पुढच्या दारातून हाक आली, "सिस्टर हायत काय वो हितं? टाकी भरून पानी वाहतंय!"

मंदा परत आली होती. मी टॉवेल गुंडाळला, सिस्टर उभ्या राहिल्या, आणि नीलिमाने तो उघडा चाकू सिस्टरांच्या हातातून हिसकून, हातातून हातात, कसलंही भांडण मनात न आणता, सुपात वाळत घातलेल्या आमसुलांखाली खुपसला. मंदा सुपाशी उभी राहून दहा मिनिटं पाण्याची कथा सांगत होती. मधेच एक आमसूल उचलून तिने तोंडातही टाकलं. सिस्टरांचा जीव टांगणीला लागला होता, पण मंदासाठी नव्हे. ती वळताच त्या सुपावर धावल्या. "आंबट! मीठ! नव्या पात्याला!" म्हणत स्पिरिटने पुसायला लागल्या. पुसता पुसता नीलिमाच म्हणाली, "सिस्टर, ही मुठीतली पट्टी बाजूला सरकतेय बघा." पट्टी सरकली आणि चाकू निमूट मिटला. सिस्टरांनी नीलिमाकडे ज्या आदराने पाहिलं, तशा आदराने लग्नानंतर मीही कधी पाहिलं नसेल.

चाकू आमच्या देव्हाऱ्याच्या खणात राहिला. रोज दुपारी सिस्टर यायच्या. मंदाला सांगितलं होतं, नीलूकडे विष्णुसहस्रनाम चालतं. ज्या बाईने आळीच्या एका आरतीला टाळी वाजवली नव्हती, ती रोज नेमाने सहस्रनामाला जाते म्हटल्यावर आळीला गहिवर आला. वृंदाने तर पुण्याहून फोन करून नीलिमाचे आभार मानले. "आई किती शांत झालीय हो वहिनी. फोनवर वाद घालत नाही." नीलिमा "हो ना" म्हणाली आणि फोन ठेवून माझ्यावर डाफरली.

प्रत्यक्षात सहस्रनाम एवढंच असायचं: सिस्टर खणातून चाकू काढायच्या, एक आंबा घ्यायच्या, सावकाश त्याच्या फोडी करायच्या. कोयीजवळून पातं फिरवताना त्यांचा हात बघत राहावासा वाटायचा. एक फोड मला, एक नीलिमाला, बाकी त्यांना. मग चाकू पुसून, मिटून, परत खणात.

एकदा मी म्हटलं, "सिस्टर, एवढ्यासाठी इतकं सगळं?"

त्यांनी चाकू पुसून मिटला. मग म्हणाल्या, "विनू, मला सकाळपासून सगळं कापून मिळतं. भाजी कापून, सफरचंद कापून. गोळीचं पाकीटसुद्धा मंदा फाडून देते. पेशंटला देतात तसं. मी कितीतरी पेशंट बघितले रे. दुसऱ्याच्या हाताने सगळं व्हायला लागलं की माणूस हळूहळू हात उचलायचाच थांबतो. मला तसं व्हायचं नाही."

"पण वृंदाला सांगा की हे असं."

"तिला सांगितलं तर ती घाबरेल. आणि ती घाबरली की रागावते. लहानपणापासून."

वृंदा मे महिन्यात सुट्टी काढून आली. तिसऱ्या दिवशी दुपारी, सिस्टर आमच्याकडे आल्यावर पाचच मिनिटांत, ती पण आली. हातात सहस्रनामाची नवी कोरी पोथी होती. आईबरोबर म्हणायला बसायचं म्हणून मुद्दाम विकत घेतलेली. दार उघडंच होतं. आत तिची आई पलंगावर मांडी घालून आंब्याची तिसरी फोड काढत होती.

सिस्टरांनी फोड पुरी काढली. अर्धवट कापून सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"किती दिवस चाललंय?" वृंदाने विचारलं. मला वाटलं आता ही चाकू हिसकावणार. पण ती दारातच खाली बसली. पोथी मांडीवर.

"आई, लोकांना झोपवायचं आणि परत उठवायचं, एवढंच मला येतं. रोज तेच करते. त्या दिवशी वहिनींचा फोन आल्यावर मी घाटात गाडी चालवत होते आणि डोक्यात एकच होतं, ही उठली नाही तर हिला उठवायला मी तिथे नाहीये. तू उठलीस. तू हसलीस पण, पट्टी कशी बांधली ते दाखवून. ते हसू मला अजून प्रत्येक पेशंटच्या उशाशी आठवतं."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. "तू घाबरतेस ते कळतं गो मला. पण माझ्या हातातलं सगळं काढून घेतलंस तर मग तू वाचवलंस ते काय?"

"तू वाचलीस."

"नुसती?"

वृंदा उठली, आईच्या हातातून चाकू घेतला, मिटायला गेली, मिटला नाही, तसाच उघडा घेऊन घरी गेली. पोथी आमच्या दारात राहिली. सिस्टर मागोमाग गेल्या, त्या दिवशी हात छातीपुढे नव्हते, अंगाशी लोंबत होते. मला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणातून फणसाचा वास यायला लागला. सिस्टरांच्या दारच्या झाडाचा पहिला कापा फणस नेहमी सिस्टरच फोडायच्या आणि आळीतलं प्रत्येक घर पातेलं घेऊन हजर असायचं. आदल्या वर्षी सुऱ्या गेल्या आणि फणस कुणी फोडलाच नाही, माकडांनी खाल्ला. या वर्षी काय होणार कुणाला माहीत नव्हतं, पण पातेली घेऊन सगळे आले होते. फणसाचा वास आला की आमच्या आळीला भिडेची आठवण राहत नाही.

फणस अंगणात पोत्यावर होता. सिस्टर पायरीवर बसल्या होत्या. घरातून वृंदा आली. पदर खोचलेला, आणि हातात तो टायटॅनियमचा चाकू.

"मी कापते," ती म्हणाली. "तू सांग."

आता फणस फोडायचा तर कोयता लागतो, हाताला आणि पात्याला खोबरेल लागतं. फणसाचा चीक एकदा चिकटला की जन्माचा. आणि घडीचा चाकू तर फणसाला कुणी शहाणा माणूस लावणार नाही. तो चीक सांध्यात शिरला की चाकूचं काही खरं नाही. अंगणातल्या प्रत्येकाला हे कळत होतं. वृंदाला कळत नव्हतं. तिने आईच्या लाडक्या वस्तूनेच कापायचं ठरवलं होतं, बहुधा रात्रभर विचार करून. माझी नजर सिस्टरांकडे गेली. त्यांचं तोंड उघडलं होतं. "अगं" एवढं येऊन थांबलं होतं.

वृंदाने चाकू दोन्ही हातांनी धरला, फणसावर टेकवला, उचलला, परत टेकवला. आईने ते बघितलं.

सिस्टरांनी तोंड मिटलं. दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसल्या.

वृंदाने चाकू खुपसला. चीक आला. तो पात्यावरून ओघळत मुठीत गेला, तिच्या बोटांवर, मनगटावर, केस मागे सारताना कपाळावर. ती वेड्यावाकड्या रेघा मारत होती, मधेच थांबत होती, घामाने निथळत होती. मंदाला राहवेना, "अवं ताई, त्याल" म्हणायला ती पुढे झाली, तर सिस्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती मागे सरली. चाकूची काय अवस्था होत होती ते बघायला मला धीर झाला नाही. सिस्टरांना सगळं दिसत होतं. एकेक थेंब दिसत होता.

बऱ्याच वेळाने फणस दोन भाग होऊन पडला. वृंदाने मान वर केली. चिकाने माखलेली, लहान पोरीसारखी. "बरोबर आहे ना, आई?"

"बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या. "सुरेख कापलास." असली थाप त्यांनी आयुष्यात कुणा सर्जनलासुद्धा मारली नव्हती.

पातेली भरली. गऱ्यांना स्पिरिटचा वास नव्हता. वृंदा पुण्याला परत जाताना चाकू घेऊन गेली नाही. त्यावरून मायलेकींत काय बोलणं झालं मला माहीत नाही. रोज सकाळी एक फोन एवढंच काहीतरी ठरलं, असं नीलिमा म्हणते.

त्यानंतर दोनच दिवसांनी आम्ही नाशिकला मुलाकडे निघालो. तिथून परत येईपर्यंत पाऊस संपत आला होता आणि सिस्टर गेल्या होत्या, झोपेत, हृदयाने. म्हणून निघतानाचीच भेट शेवटची.

रिक्षा दाराशी उभी होती. मी गडग्यावरून डोकावलो. सिस्टर पायरीवर बसून खोबरेलात भिजवलेल्या कापसाने चाकू पुसत होत्या. पातं लख्ख झालं होतं. मूठ पूर्वीसारखी राखाडी. त्यांनी तो मला उघडून दाखवला. सांध्याशी पातं जरा अडखळलं, चिकटून चिकटून बाहेर आलं. आत चिकाचा एक पिवळट थर दिसत होता.

"तेवढं काढायचं राहिलं वाटतं," मी म्हटलं.

"राहिलं नाही, ठेवलंय," त्या म्हणाल्या. "वृंदाने कापलेला फणस आहे तो."

मग त्यांनी दोन्ही हातांनी, सांभाळून, चाकू मिटला आणि मला म्हणाल्या, "जा आता. रिक्षावाला खोळंबलाय."